दातांनी ऐकणारे मिस्त्री

मला वाचवलं ते मिरजगावच्या बहिऱ्या मिस्त्रींनी आणि त्यांच्या बायकोनं. हे आधी सांगून टाकतो, काय झालं ते नंतर. कारण तीच हकिकत सांगणारा दुसरा एक माणूस आहे. तो शिकलेला आहे, चारचौघांत त्याच्या शब्दाला वजन आहे, आणि त्याच्या सांगण्यात ही दोघं येतच नाहीत. ‘एकदा मी मोटारीत चक्क एक्स-रेचं पॅकिंग घातलं!’ अशी तो सुरुवात करतो. पाहुणे चहाचे कप खाली ठेवून हसतात. मग ‘शेवटी एका मेकॅनिकनं ते काढलं’ असं म्हणून तो मोकळा होतो. दाराबाहेर उभा राहून मी हे तीन वेळा ऐकलं आहे. एक मेकॅनिक म्हणे! आणि मी तर त्या गोष्टीत नाहीच. माझी नोकरी, माझं नाव, कशाचाच पत्ता नाही.

म्हणून लिहायला बसलो. शाळा सहावीतच सुटली, त्यामुळे वाक्यं येतील तशी येतील.

मिरजगावातून नगरकडं जाताना, गाव संपता संपता, डाव्या हाताला पत्र्याची शेड होती. पाटी नाही, काही नाही. बाहेर एक बाज, बाजेवर मिस्त्री. उंच, हाडकुळे, खाकी हाफपँट, आणि डोक्यावर लष्करातून येताना आणलेली, रंग उडालेली टोपी. नगरच्या लष्करी वर्कशॉपात उभा जन्म रणगाड्यांच्या इंजिनांत डोकं घालून त्यांचे कान गेले होते. डावा पार बंद. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा. पण ते ऐकायचे. दातांनी ऐकायचे.

त्यांच्याकडं हातभर लांबीची सागाची एक काठी होती. लष्करातल्या कुठल्याशा मोडीत काढलेल्या ट्रकच्या हौद्यातून निघालेल्या लाकडाची, स्वतः तासलेली. एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातांत घट्ट धरायचं, आणि डोळे मिटायचे. जबड्यातून तो आवाज सरळ डोक्यात जायचा म्हणे. त्या टोकाला दातांचे खड्डे पडले होते, उसाच्या कांड्यावर पडतात तसे. काम झालं की काठी धुवायची, पुसायची आणि एका जुन्या खाकी मोज्यात घालून खिळ्याला अडकवायची. कुणी हात लावला तर मिस्त्री असे ओरडायचे की रस्त्यावरची बैलं थांबायची. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय ते कळत नाही, त्यामुळे त्यांचं साधं ‘बस’सुद्धा शिवीसारखं वाटायचं.

लाकडांबद्दल त्यांची मतं ठाम होती. “बाभळ बोलती, पन वरडून बोलती. लिंब मुका. साग खरं सांगतो.” मी कोकणातला, राजापूरच्या बाजूचा, हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला, “तुमच्याकडं लाकूड कसलं?” मी उजव्या कानात ओरडून सांगितलं, “फणस! मृदंगाचं खोड त्याचंच करतात!” त्यावर त्यांनी आपली काठी नखानं वाजवून पाहिली. मग म्हणाले, “मृदंगाचं व्हय? मंग त्याला ऐकू येत आसंल.”

गाडी आली की बॉनेटला हात लावायच्या आधी त्यांचा एक विधी होता. जमिनीवर गोणपाट अंथरायचं, त्यावर बोट रोखायचं आणि विचारायचं, “उरलं काय?”

म्हणजे घरी खोलाखोली केलीत, ती परत जोडताना काय काय उरलं, ते आधी इथं मांडा. नट, वायसर, स्प्रिंग, जे असेल ते. मांडल्याशिवाय ते पाना उचलत नसत. एक प्राथमिक शाळेचे गुरुजी फटफटी ढकलत आले होते. उरलं काय? काही नाही म्हणाले. मिस्त्री बाजेवर बसून तंबाखू मळायला लागले. गुरुजी उन्हात उभे. “काहीच उरलं नाही हो!” मिस्त्रींना ऐकू येत नव्हतंच, आणि आलं असतं तरी ते उठले नसते. दुसऱ्या दिवशी गुरुजी परत आले ते खडूच्या डबीत एक बारकी स्प्रिंग घेऊन. मिस्त्रींनी ती चार गिऱ्हाइकांदेखत गोणपाटावर ठेवायला लावली आणि चहा निवायच्या आत फटफटी चालू करून दिली. वर म्हणाले, “पोरांला हातचा एक धराया शिकिवता, आन् सोता इसरता?”

घरी खोललेल्या गाडीचा त्यांना भयंकर राग होता. बिघडलेल्या गाडीचा नाही, ती बिचारी बिघडणारच. पण ज्याचा हात त्या कामाला नाही त्यानं ती उघडायची, अर्धवट शिवायची, आणि मग दुसऱ्यावर ढकलायची, हे त्यांना सहन होत नसे. “मानूस लबाड बोलतो,” ते म्हणायचे, “इंजिनाला तेवढी अक्कल न्हाई.” मालक बोलायला लागला की हात वर करायचे. “तुमी गप ऱ्हावा. तिला बोलू द्या.”

रविवारी मात्र शेड बंद. मिस्त्री आणि त्यांची बायको चर्चला जायची. तिथं ते पेटीवाल्याच्या शेजारी बसत आणि काठी पेटीच्या लाकडाला टेकवून गाणी ऐकत. डोळे मिटलेले, दातांत काठी. नवीन आलेल्या पाळकांना म्हणे आधी ते बरं दिसलं नाही. पण काठी काढून घेतली तर मिस्त्री आपल्या सुरात, म्हणजे कुठल्याच सुरात नाही अशा आवाजात, सगळ्यांच्या पुढं एक कडवं धावायचे. मग काठीच बरी असं ठरलं.

त्यांची बायको ठेंगणी, काळीसावळी, दम्याची. मी तिला मावशी म्हणायचो. मिस्त्रींशी बोलायची तिची तऱ्हा वेगळी होती. ती त्यांचं मनगट धरायची. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. बाकीचं हातवारे करून आणि वेळ पडली तर कानात ओरडून. पण ओरडलं की तिला खोकला यायचा, म्हणून दिवसाचा सगळा संसार त्या हो-नाहीवरच चालायचा.

आता डॉक्टरांकडं वळतो. चहाच्या कपांवर ती गोष्ट सांगणारा शिकलेला माणूस तो हाच, आणि राग अजून आहे.

डॉक्टर म्हणजे माझे मालक, दवाखाना मिरजगावातच. तेव्हा दुष्काळ होता; आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर, खडी फोडायच्या कामांवर ते मोटारीनं जाऊन रोगी तपासायचे, आणि ती मोटार मी चालवायचो. वाईट डॉक्टर नव्हते, हे मी लिहिणार, कारण खरं आहे. हाताला गुण होता. पण त्या हाताला सगळंच येतं, असा त्यांचा समज झाला होता. “माणसाचं पोट उघडून परत शिवतो मी,” ते म्हणायचे, “हे तर लोखंड आहे.” दर रविवारी दवाखान्यामागच्या अंगणात बॉनेट उघडायचं. शेजारी इंग्रजी पुस्तक. मी हात धुऊन, वाटाण्याच्या शेंगेसारखा वाकडा स्टीलचा ट्रे धरून नर्ससारखा उभा. “पाना. चिमटा. कापूस.” पानासुद्धा स्पिरिटनं पुसलेला लागायचा.

मी काही बोलायचो नाही. मला बोलायची भीती वाटायची. नोकरी आमच्या गावच्या हेडमास्तरांच्या शब्दावर मिळाली होती. ते आणि डॉक्टर एका वर्गातले. घरी वडिलांना अभिमान, की पोरगा शाळेत नाही टिकला तरी डॉक्टरांकडं ड्रायव्हर आहे. इथं माझं कुणी नाही. ओळखीचं झाडसुद्धा नाही. विहिरी आटलेल्या, रेडिएटरचं पाणी बदलायचं तर जुनं बादलीत काढून गाळून परत ओतायचं. नोकरी गेली असती तर खडी फोडायला बसावं लागलं असतं, आणि ते नको म्हणून घरी जायचं तर कुठल्या तोंडानं?

त्या रविवारी गाडीला पेट्रोल नीट पोचत नव्हतं. डॉक्टरांनी पेट्रोलचा पंप काढायचं ठरवलं. मोटारीच्या इंजिनाच्या कुशीला हा बारका पंप दोन नटांनी बसवलेला असतो. त्याची एक दांडी आत इंजिनात जाते आणि आतल्या फिरत्या उंचवट्यानं वरखाली हलते. त्यानं पेट्रोल ओढलं जातं. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बोटभर जाडीचा काळा फायबरचा ठोकळा होता, दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग. वर्षांचं तेल आणि धूळ बसून तो ठोकळा काळाकुट्ट, ओळखू न येण्यासारखा झालेला. कागद तर फाटूनच आला.

डॉक्टरांनी पंपात पेट्रोल ओढणारा नवीन पडदा घातला. मग आत गेले आणि कुणा रोग्याचा जुना, नगरहून काढून आणलेला एक्स-रे घेऊन आले. ऑपरेशनच्या कात्रीनं त्याचं सुरेख पॅकिंग कापलं, दोन नटांना दोन गोल भोकं, मध्ये दांडीपुरती वाट. “पाणी लागत नाही, तेल लागत नाही. कागदापेक्षा शंभरपट बरं,” म्हणाले. पंप बसवला, नट आवळले.

ट्रेमध्ये काळा ठोकळा तसाच पडलेला.

“साहेब,” मी म्हटलं, “हे राहिलं.”

त्यांनी चिमट्यानं उचलून पाहिलं. “हा साका आहे. इतक्या वर्षांचा गाळ. फेकून दे.”

मी फेकला नाही. आमच्या घरात काहीच फेकत नाहीत. पुसला, आणि पँटच्या खिशात टाकला.

गाडी चालू केली तसा आवाज आला. टॉक, टॉक, टॉक, टॉक. कुणीतरी आतून दार वाजवावं तसा. डॉक्टर म्हणाले, “नवीन पडदा आहे, बसेल हळूहळू.” बसला नाही. दोन दिवसांनी तो आवाज इतका वाढला की वस्तीवरची कुत्री आमची गाडी लांबूनच ओळखायला लागली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुस्तक उघडलं, एका पानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

“बेअरिंग गेलंय. बिग एंड, इंजिनाच्या पोटातलं. असाच ठोका येतो, इथं लिहिलंय. आणि हे कशानं जातं माहीत आहे? इंजिनात तेल कमी पडलं की. तेल कोण बघतं?”

“मी बघतो साहेब. रोज सकाळी.”

“मग बेअरिंग कसं गेलं?”

मला सांगा, याला काय उत्तर आहे? बेअरिंग गेलेलंच नसेल, हे उत्तर आहे. तुम्ही रविवारी पंप खोललात आणि तेव्हापासून आवाज आहे, हे उत्तर आहे. हे काळं काय आहे खिशात, हे उत्तर आहे. यातलं एकही माझ्या तोंडातून निघालं नाही. मी खाली बघत उभा राहिलो, आणि खाली बघणारा माणूस चुकलेला असतो असं शिकलेल्या लोकांना वाटतं. डॉक्टरांनी हेडमास्तरांना पत्र लिहिलं. माझ्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘मुलगा प्रामाणिक असेल, पण निष्काळजी आहे. पुढे कुणाला शिफारस करू नये.’ पाकीट बंद करून खिशात ठेवलं.

मग ते जे बोलले त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. “तुला अन्याय झाल्यासारखं वाटायला नको,” म्हणाले. “नगरच्या गॅरेजात गाडी टाकायच्या आधी त्या बहिऱ्या मिस्त्रीकडं थांबू. त्याच्या तोंडून ऐक, म्हणजे खात्री पटेल.”

म्हणजे फाशीही देणार, आणि दोर मजबूत आहे ना, हे मलाच ओढून बघायला लावणार.

दुसऱ्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील. मिस्त्री बाजेवर. डॉक्टरांनी मावशीला सांगितलं, “यांना सांगा, बिग एंड बेअरिंग गेलंय. फक्त या मुलाला समजावून द्या म्हणावं.”

मावशीनं मिस्त्रींच्या कानात तोंड घालून सांगितलं. मिस्त्रींनी गोणपाट अंथरलं.

“उरलं काय?”

“काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “मी सगळं नीट जोडलंय.”

मावशीनं मनगट दोनदा दाबलं. नाही.

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. “तुझं?”

माझा हात खिशात होता. ठोकळा मुठीत. तो गरम झाला होता मुठीत राहून. मी मान हलवली. नाही.

हे मी लिहितोय, आणि डॉक्टरांवरचा राग दोन मिनिटं बाजूला ठेवावा लागतोय, कारण इथं माझा मलाच राग येतो. नोकरी तर गेलेलीच होती. मग काय राखायचं होतं?

 एरवी मिस्त्री बसून तंबाखू मळायला लागले असते. पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. “चालू कर,” म्हणाले.

टॉक, टॉक, टॉक, टॉक.

त्यांनी मोज्यातून काठी काढली. आधी नुसता तळहात इंजिनावर ठेवला. मग दुसऱ्या हाताची बोटं हवेत आपटायला लागले, मोजत. मग काठी खाली तेलाच्या टाकीला टेकवली, दात लावले, डोळे मिटले. मान हलली. नाही. नंतर कोरडं फडकं घेऊन पहिल्या प्लगची वायर उपसली. इंजिन लंगडलं, ठोका तसाच. वायर परत. दुसरी. ठोका तसाच. तिसरी, चौथी. तसाच.

“बेरिंग न्हाई!” मिस्त्री ओरडले. समोरच्या चहाच्या टपरीवरची दोन माणसं दचकून वळली. “बेरिंग गेलं आसतं तर प्लग काढल्यावं त्या शिलिंडराचा जोर गेला आसता, ठोका नरम पडला आसता. आन् बेरिंगचा ठोका दर फेऱ्याला येतो. ह्यो एक सोडून एक येतोय. ह्यो खालचा न्हाईच!”

“पुस्तकात...” डॉक्टर म्हणाले.

“गप ऱ्हावा,” मिस्त्री म्हणाले. त्यांना ऐकू आलं नव्हतं, ओठ हललेले दिसले होते. “तिला बोलू द्या.”

काठी इंजिनाच्या कुशीवरून सरकत सरकत आली आणि पेट्रोलच्या पंपावर टेकली. मिस्त्रींचं डोकं एकदम मागं गेलं, दातावर कुणीतरी हातोडी मारावी तसं.

“हितं.”

इंजिन बंद केलं. काठी तशीच बॉनेटखालच्या काठावर आडवी टेकवून ठेवली. दोन नट काढले, पंप ओढला. त्याच्याबरोबर ते पारदर्शक पॅकिंग आलं. मिस्त्रींनी ते उन्हात धरलं. निळसर काळ्या तुकड्यावर दोन पांढऱ्या वाकड्या रेघा, स्वच्छ.

“ही बरगडी कुनाची हाय?”

टपरीवरची माणसं हसत जवळ आली. मावशी हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. मिस्त्री मात्र हसत नव्हते. 

“हितं बोटभर जाडीचा ठोकळा ऱ्हातो! त्यो न्हाई म्हनून पंप आत गेला, दांडी उंचवट्यावं आपटाय लागली. मिनटाला शे-पाचशे डाव आपटती. आनखी आठ दिस गेलं आस्तं तर दांडी मोडून इंजिनात पडली आसती, मंग खरंच बेरिंग गेलं आस्तं! कुटं हाय ठोकळा?”

 मी गोणपाटाकडं चालत गेलो आणि मूठ उघडली.

मिस्त्रींनी ठोकळा पाहिला. मग मला पाहिलं. मला वाटलं आता मिठी मारतील. कसली मिठी!

“खिशात घिऊन हिंडतूस? आन् गप? आरं कोकण्या, मी बहिरा हाय, तू मुका हायेस का? देवानं जीब दिली ती काय नुसती मासं खायाला? तुला ह्यो फासावं चढवतोय आन् तू त्येला दोर वळून देतूस?”

इतकं मला माझा बापही कधी बोलला नव्हता. लाज वाटली. आणि, खोटं कशाला सांगू, रडू आलं.

त्यांनी ठोकळा रॉकेलमध्ये धुतला. खाली पिवळसर फायबर निघालं, आणि भोकं अगदी नटांच्या मापाची. साका म्हणे! पॅकिंगच्या कागदाचे दोन नवे तुकडे कापले, ठोकळा मध्ये, पंप वर, नट आवळले. “चालू कर.” इंजिन चालू झालं आणि ठोका नव्हता. इतक्या दिवसांनी मला त्या गाडीचा खरा आवाज ऐकू आला. मिस्त्रींनी काठी लावून बघितली, परत काठावर ठेवली, समाधानानं ओठ पुसले.

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “चल, गाडी वळव. नगरला जायला नको आता.”

मिस्त्री गाडीच्या खिडकीतून आत वाकले, किल्ली फिरवून काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

“न्हाई. आदी ह्येला सांगा.”

“काय सांगायचं?”

“बेरिंगचं. तेलाचं. त्या पत्राचं.” पत्राचं त्यांना कसं कळलं? मावशीनं डॉक्टरांच्या खिशातलं पाकीट दाखवून हातवारे केले होते. तिला मी सकाळीच सांगून बसलो होतो, पंक्चरचं चाक घेऊन एकटाच आलो तेव्हा. तेवढ्यापुरती माझी जीभ चालली होती.

डॉक्टर म्हणाले, “मिस्त्री, माझ्या नोकराशी काय बोलायचं ते मी बघेन. किल्ली द्या.” मावशीनं हे मिस्त्रींना सांगितलंच नाही. ती नुसती उभी. तेव्हा डॉक्टरांचा तोल गेला. त्यांनी बॉनेटचा टेकू काढला आणि बॉनेट दाणकन खाली आदळलं.

काठी मध्ये होती.

कडाक् असा आवाज झाला. तो मिस्त्रींना ऐकू आला नसेल. पण त्यांनी पाहिलं. काठी उभी चिरली होती, दातांच्या टोकापासून मध्यापर्यंत. मिस्त्रींनी बॉनेट उचललं, काठी काढली, आणि चिरेवरून अंगठा फिरवला. ओरडले नाहीत. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आणि त्या वेळी एक शब्द नाही. 

डॉक्टरांना चूक कळली असावी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, रेडिएटरकडं पाहिलं आणि पुटपुटले, “तुझी चूक नव्हती.”

मिस्त्रींनी बायकोकडं पाहिलं. “बोलला का?”

आता इथं नीट ऐका. मावशीचा दमा ज्या सुईवर थांबायचा ती सुई डॉक्टरांच्या हातात होती. त्या टापूत दुसरा डॉक्टर नव्हता. तिनं मला एकदा सांगितलंही होतं, “बाबा, माजा सास त्यांच्या हातात हाय.” आणि डॉक्टर बोलले होते, मी ऐकलं होतं, तिनंही ऐकलं होतं.

तिनं नवऱ्याचं मनगट धरलं, आणि दोनदा दाबलं.

नाही.

“मोट्यानं बोला!” मिस्त्री गरजले. “मला ऐकू यील आसं!”

डॉक्टरांना ते पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्यानं, मिस्त्रींच्या उजव्या कानाशी वाकून, टपरीवरच्या माणसांदेखत. “बेअरिंग गेलं नव्हतं! तेल बरोबर होतं! मुलाची चूक नव्हती!” मग त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि फाडलं. मावशीनं मनगट एकदा दाबलं. मिस्त्रींनी किल्ली माझ्या हातात दिली. डॉक्टरांच्या नाही, माझ्या.

यावर लोक म्हणतील, झालं ना, सुटलास ना, मग एवढा राग कशाचा? राग पुढचा आहे. डॉक्टरांनी त्यानंतर गाडी कधी त्या शेडकडं नेली नाही. आणि मावशी सुईला यायची तेव्हा तिला सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे. सुई नाकारली नाही, तेवढे वाईट ते नव्हते. नुसतं बाकावर बसवून ठेवायचे. मागून आलेले आत जाऊन बाहेर पडायचे, आणि ती छातीवर हात ठेवून बसलेली. मी अंगणात गाडी पुसत बघायचो. पहिल्या वेळी गप्प राहिलो. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी फडकं टाकलं, सरळ तपासायच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, “साहेब, मावशी सकाळी आठपासून बसल्यात.”

एवढंच.  डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. मग म्हणाले, “पाठव.” त्या दिवसानंतर ती वेळेवर आत जायला लागली. इतकं सोपं होतं. इतकं सोपं होतं, आणि त्यासाठी मला कुणाची तरी काठी मोडून घ्यावी लागली.

आता मी ट्रक चालवतो. नगरचा माल असला की मिरजगावला थांबतो. मिस्त्रींचा उजवा कानही गेला. मावशीचे केस पांढरे झाले, पण मनगट अजून तसंच दाबते. काठीला चिरेवर काळी टेप गुंडाळलेली आहे, थरावर थर. “खरखर यती,” मिस्त्री म्हणाले. “इंजिनाची का काठीची ते समजत न्हाई.” चर्चमध्ये पेटीही खरखरते म्हणे. दुसरी काठी करायला त्यांनी दोन-तीन लाकडं तासून पाहिली, एकही मनासारखं बोललं नाही. त्यांनी तक्रार केली नाही. 

मी त्यांचे आभार मानलेले नाहीत. खरंच नाहीत. त्या दिवशी रडत होतो, नंतर लाज वाटायची, आणि आता ओरडलं तरी त्यांना ऐकू येत नाही.

पण आमच्या परसातला फणस मागच्या वादळात आडवा झाला. वडिलांनी फळ्या पाडल्या, आणि मी पत्र टाकून कळवलं आहे, की खोडाच्या गाभ्यातला हातभर तुकडा बाजूला ठेवा, सावलीत वाळू द्या, कुणाला देऊ नका. वाळायला वेळ लागेल. तासायला मी स्वतः बसेन. कधी तरी, माल असो नसो, तो घेऊन मी मिरजगावला जाणार आहे. एक टोक मिस्त्रींच्या दातांत देईन, दुसरं माझ्या गळ्याला टेकवीन, आणि त्यांनी गोणपाट अंथरायच्या आधीच सांगेन, मिस्त्री, त्या दिवशी तुमचे आभार तेवढे खिशातच उरले होते, ते घेऊन आलोय.